तयार घ्यावा कीं जुळवावा?

घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून, असें आपल्यांत पिढ्यान् पिढ्या म्हणत आले आहेत. संगणक जुळविणें हें काम त्या दोहोंच्या पंक्तीला बसण्याइतकें थोर आहे असें आमचें म्हणणें नाहीं; तथापि ज्या घरांत पंधरा ते बावीस वर्षांचीं मुलें आहेत, त्या घरांतील वडीलधाऱ्यांपुढें तें आज ना उद्यां येऊन उभें राहतें, एवढें मात्र खास. मुलास खेळांकरितां जोरकस संगणक हवा असतो. तो दुकानांतून तयार आणावा, कीं त्याचे सुटे भाग विकत घेऊन घरीं जुळवावा, हें तो आपणांस विचारावयास आलेला नसतो. त्याचें उत्तर त्यानें केव्हांच ठरविलेलें असतें. त्याला आपल्यापासून हवी असते ती रक्कम. विचार करावयाचा तो रक्कम देणाऱ्यानें.

आमच्या घरीं हा विषय २०२५ च्या वैशाखांत निघाला. आमचें वास्तव्य हिमायतनगरास. नांदेड जिल्ह्यांतील हें तालुक्याचें गांव मुदखेडहून किनवट-आदिलाबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. जुन्या माणसांच्या तोंडीं त्याचें वाढोणा हेंच नांव अजून आहे, आणि परमेश्वराचें दर्शन सोडलें तर बाहेरच्या मनुष्यास येथें येण्याचें फारसें कारण पडत नाहीं. मोबाइलची दुरुस्ती येथें हाकेच्या अंतरावर होते; परंतु संगणकाचा एखादा भाग हवा झाला तर नांदेड गांठावें लागतें. तेथें न मिळाला तर सिकंदराबादचें चिनॉय ट्रेड सेंटर आहे, मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहे, ज्यास आतां डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात. नाहींतर घरबसल्या पार्सलानें मागवून वाट पाहत बसावें. पुण्या-मुंबईचे जाणते लोक ह्या विषयावर जें सांगतात त्यांतील निम्मेंअधिक आमच्या कामाचें नसतें, तें एवढ्याचसाठीं. त्यांचा बिघाड संध्याकाळपर्यंत दूर होतो. आमच्याकडे त्याला आगगाडीचें वेळापत्रक पाहावें लागतें.

धाकट्या बंधूंचे चिरंजीव नुकतेच बारावी होऊन मोकळे झाले होते, व ऑगस्टांत नांदेडास इंजिनियरिंगच्या शिक्षणाला जावयाचे होते. त्यानें प्रथम सांगितलें तें असें कीं, संगणक अभ्यासासाठीं पाहिजे. आमचे थोरले बंधु, ज्यांस घरांत सारे अण्णा म्हणतात, त्यांनीं शाळेंत तीस वर्षें गणित शिकविलें आहे. त्यांनीं चष्मा काढला आणि विचारलें, "अभ्यासाला हे रंगीत दिवे कशाला लागतात रे?" पोरगा खालीं पाहूं लागला. "खेळायला पाहिजे तर खेळायला म्हणून माग. द्यायचा कीं नाहीं तें आम्ही मागाहून ठरवूं."

दुसऱ्या दिवशीं त्यानें तसेंच मागितलें, आणि तेव्हां कोठें विषयास तोंड फुटलें. एकत्र कुटुंबांत पैसा कोणा एकाचा नसतो, आणि तें वर्ष कांहीं सुबत्तेचें नव्हतें. २०२४ च्या हंगामास सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये जाहीर झाला होता. आमच्या पदरांत पडले ते सरासरी ४,२००. मुलगा जी वस्तु मागत होता ती ह्या हिशेबानें बावीस-तेवीस क्विंटल सोयाबीनची होती. नाहीं म्हणावयास एवढें कारण पुरलें असतें. परंतु त्याच्या वर्गांतील मुलांनीं ह्याहून अधिक किंमतीच्या मोटारसायकली मागितल्या होत्या, आणि घरांत बसून होणारा खेळ हा रस्त्यावरील खेळापेक्षां बरा, असें त्याच्या आईचें मत पडलें. त्या मताला घरांतील बायकांचा एकमुखी पाठिंबा मिळाल्यावर पुढें वाद उरला तो केवळ तयार कीं जुळविलेला, इतकाच.

प्रथम तयार संगणकाची चौकशी केली. नांदेडच्या एका दुकानानें पडद्यासकट १,०२,००० रुपयांचें दरपत्रक दिलें. दरपत्रक वाचण्यासारखें होतें. प्रोसेसरचें नांव ठळक अक्षरांत, ग्राफिक्स कार्डाचें त्याहून ठळक. त्याखालीं १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, आणि दिव्यांचें कॅबिनेट. जें दिसतें आणि ज्याची जाहिरात होते त्याचें नांव होतें. जें दिसत नाहीं त्याचें नांव नव्हतें. मदरबोर्ड कोणाचा? लिहिलेलें नाहीं. रॅम एका पट्टीची कीं दोन पट्ट्यांची? तेंही नाहीं. हा भेद दुकानदारास क्षुल्लक वाटतो, परंतु हल्लींचा प्रोसेसर एकाच वेळीं दोन वाटांनीं स्मरणांतील मजकूर ओढूं शकतो; तेथें एकच पट्टी बसविणें म्हणजे दोन मोटांच्या विहिरीवर एकच मोट जुंपणें होय. पाणी तेवढेंच, पण शेवटच्या वाफ्यापर्यंत तें वेळेवर पोंचत नाहीं.

सर्वांत वाईट मौन होतें तें एसएमपीएसविषयीं. ही संगणकांतील विजेची पेटी. घरांत येणारी २३० व्होल्टची वीज घेऊन ती तिची १२ व्होल्टची सरळ वाहणारी वीज करते आणि सगळ्या भागांना पुरविते. चांगल्या पेटींत असे बंदोबस्त असतात कीं दाब अवाजवी चढला, कोठें तार तारेला चिकटली, किंवा पेटी अति तापली, तर ती स्वतः बंद पडते आणि पुढील भाग वांचवते. हलक्या पेटींत ह्या बंदोबस्तांना कात्री लावलेली असते, आणि पेटीवर लिहिलेले वॅट हे बहुधा छापणाऱ्याच्या औदार्याचे असतात. दरपत्रकांत फक्त "५०० वॅट" एवढेंच होतें. आम्हीं दूरध्वनीवरून नांव विचारलें, तेव्हां उत्तर आलें, "चांगल्या कंपनीचा आहे, काळजी करूं नका." ज्या वस्तूचें नांव सांगतां येत नाहीं तिची काळजी करूं नये, हें आम्हांस पटलें नाहीं.

येथें न्यायासाठीं सांगितलें पाहिजे कीं, सगळेच तयार संगणक असे नसतात. मोठ्या कंपन्यांचे संगणक नीट पारखलेले असतात, आणि त्यांची एसएमपीएस सहसा दगा देत नाहीं. त्यांची खोड दुसरी आहे. त्यांतील पुष्कळांचा मदरबोर्ड, विजेची पेटी आणि कॅबिनेट हीं त्यांच्याच मापाचीं असतात. १९९५ सालीं इंटेल कंपनीनें एटीएक्स नांवाचें माप ठरवून दिलें. त्यामुळें आज कोणत्याही कारखान्याचा मदरबोर्ड कोणत्याही कारखान्याच्या कॅबिनेटांत बसतो आणि स्क्रूचीं भोकें जुळतात. ज्यांनीं हें माप सोडलें त्यांचा संगणक पांच वर्षांनीं दुरुस्त करावयाचा तर त्यांच्याच दारीं जावें लागतें. विवाहाच्या बाबतींत हें बंधन शोभतें; विजेच्या पेटीच्या बाबतींत नव्हे.

मग पुतण्यानें स्वतःची यादी केली. एएमडीचा रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर, त्याजोगा मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या, १ टीबीची एसएसडी, एन्व्हिडियाचें आरटीएक्स ४०६० हें ग्राफिक्स कार्ड, पांच वर्षांच्या हमीची ६५० वॅटची पेटी, साधें पण जाळीदार कॅबिनेट, आणि पडदा. बेरीज सुमारें ९४,०००. त्यांतील कार्डच २८,००० च्या आसपास. अण्णांनीं ती यादी विद्यार्थ्याची वही तपासावी तशी तपासली आणि म्हणाले, "आठ हजार वांचले." परंतु ते वांचले नाहींत. यूपीएस दोन्ही पक्षीं लागणारच होता. तयार संगणकाबरोबर आम्हीं स्वस्त यूपीएस धरला होता. आतां असें कळलें कीं, स्वस्त यूपीएस वीज गेल्यावर जी वीज देतो तिची लाट ठोकळेबाज असते, आणि नव्या धर्तीच्या कांहीं एसएमपीएसना ती मानवत नाहीं. दिवे गेले कीं ज्या क्षणीं यूपीएसनें सांभाळावयाचें त्याच क्षणीं संगणक बंद पडतो. शुद्ध लाटेचा यूपीएस घ्यावा लागला आणि आठ हजार तेथें गेले. तेव्हां स्वतः जुळविल्यानें पैसा वांचतो, ह्या प्रसिद्धीवर आमच्या वाचकांनीं फारसें विसंबूं नये. त्याच पैशांत माल चांगला मिळतो आणि प्रत्येक भागाचें नांव ठाऊक असतें, एवढेंच आम्ही सांगूं शकतों.

भावाचें पारडें तर दर दोन-तीन वर्षांनीं इकडचें तिकडे होतें. २०२० ते २०२२ ह्या काळांत चिपांचा तुटवडा आणि आभासी नाणीं खोदणाऱ्यांची झुंबड ह्यांमुळें ग्राफिक्स कार्डें छापील किंमतीस मिळेनाशीं झालीं. तेव्हां शहाणीं माणसें तयार संगणक घेत, कारण कारखानदारांना कार्डें मिळत आणि गिऱ्हाइकाला मिळत नसत. सप्टेंबर २०२२ मध्यें इथीरियम ह्या नाण्याची पद्धत बदलून ही खोदाई थांबली आणि बाजार निवळला. आम्हीं खरेदी केली ती २०२५ च्या ज्येष्ठांत. त्याच वर्षीं दिवाळीनंतर रॅमचे भाव भडकले; कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड यंत्रशाळांनीं स्मरणाच्या चिपांची मागणी इतकी वाढविली कीं कांहीं आठवड्यांत किंमती दुपटीच्या पलीकडे गेल्या, आणि डिसेंबरांत मायक्रॉन कंपनीनें क्रूशल हा आपला घरगुती गिऱ्हाइकांचा व्यवसायच बंद करीत असल्याचें जाहीर केलें. ह्यास्तव कोणी "जुळविलेला स्वस्त" किंवा "तयार स्वस्त" असें कायमचें सूत्र सांगूं लागला तर त्याला तारीख विचारावी.

अण्णांचा आक्षेप पैशाचा नव्हताच. ते म्हणाले, "ज्याचें काम त्यानें करावें. तुम्ही इंजिनियर कधींपासून झालांत?" ह्यावर पुतण्यानें दिलेलें उत्तर आम्हांस आवडलें. तो म्हणाला, "अण्णा, पापड घरीं लाटतात म्हणजे उडीद घरींच पिकवावा लागतो असें नाहीं ना?" खरोखर, संगणक जुळविणें ह्यांत कांहीं घडविणें नाहीं. सारे भाग कारखान्यांत तयार झालेले असतात. आपण ते निवडतों आणि जोडतों. परंतु निवडणें आणि जोडणें हीं कामें हलकीं नव्हेत, आणि ह्याला आपल्याच देशांत मोठा दाखला आहे.

१९५५-५६ च्या सुमारास कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेनें इंग्लंडांतून एचईसी-२एम नांवाचा संगणक तयार विकत आणला. त्याच वर्षांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत प्रा. आर. नरसिंहन आदिकरून तरुण मंडळी आपला संगणक आपणच बांधावयास बसली होती. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. १९६० सालीं तो कामाला लागला आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें टिफ्रॅक असें नामकरण केलें. पुढें काय झालें तें अधिक लक्षांत घेण्याजोगें आहे. त्याच संस्थेनें १९६४ सालीं सीडीसी ३६०० हा अमेरिकन संगणक तयार विकत घेतला. ज्यांनीं स्वतः बांधला त्यांनींच विकत घेतला, आणि त्यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं; कारण आतां विकणाऱ्यास काय विचारावें हें त्यांना कळत होतें. नंतर १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली आणि डॉ. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. अमेरिकेनें आपले अतिवेगवान संगणक देण्याविषयीं खळखळ केली, म्हणून हा उद्योग. परमच्या अंतरंगांत होत्या त्या ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या, बाजारांत मिळणाऱ्या ट्रान्सप्युटर नांवाच्या चिपा. चिप परक्याची, त्या अनेक चिपांकडून एका वेळीं एकच काम कसें करवून घ्यावें, ही अक्कल आपली. अण्णांनीं हें सर्व ऐकून घेतलें आणि "माझा विरोध नाहीं, पण मी हात लावणार नाहीं," असें जाहीर केलें. आमच्या घरांत ही संमतीच समजतात.

खरा प्रश्न आमच्या मातोश्रींनीं विचारला. त्यांचें वय ८३, आणि संगणकाशीं संबंध पंढरीची आषाढी पाहण्यापुरता. भाजी निवडतां निवडतां त्या म्हणाल्या, "हा श्रावणांत शिकायला जाणार. मग त्याच्यामागें ह्याचें पोट उघडायचें कोणी?"

सगळे स्तब्ध झाले. चार दिवस आम्ही हमीची चर्चा करीत होतों आणि तिचें मर्म ह्या एका प्रश्नांत होतें. तयार संगणकाला एक धनी असतो. कांहींही बिघडलें तरी त्यालाच विचारावयाचें. जुळविलेल्याचे आठ धनी. प्रोसेसर आणि कार्डाची हमी साधारणपणें तीन वर्षांची, पेटीची पांच किंवा त्याहून अधिक, रॅमची तर पुष्कळदां दहा वर्षांची किंवा आजन्म. आंकड्यांत हें तयार संगणकाच्या एका वर्षापेक्षां किती तरी भरतें. परंतु ह्या हमींचा उपयोग त्यालाच, ज्याला दोष कोणत्या भागांत आहे हें ठरवितां येतें. ज्याला तें येत नाहीं त्याच्या हातांत आठ कागद असतात आणि एक बंद पेटी. शहरांत हें ठरविणारा मिळतो. तयार संगणकाबरोबर घरपोंच सेवेचें जें वचन होतें त्याचा बारीक मजकूर वाचला, तर ती सेवा नांदेड शहराच्या हद्दीपुरती होती. म्हणजे एकुलता एक धनीही आमच्या दारापर्यंत येणारा नव्हता.

तेव्हां अट घातली ती अशी. जुळवावयाचा असेल तर पुतण्यानें एकट्यानें जुळवूं नये. आमची कन्या तेव्हां नववींत गेली होती. प्रत्येक भाग तिनें हातांत घ्यावा, तिनें बसवावा, आणि दादानें केवळ शेजारीं बसून सांगावें. तो गेल्यावर घरांत जाणतें माणूस उरलें पाहिजे. ही अट त्याला प्रथम जाचक वाटली; त्यानें स्वप्न पाहिलें होतें तें स्वतःच्या हातांनीं जुळविण्याचें. दोन दिवस तो रुसला आणि मग कबूल झाला.

भाग मागविण्यापूर्वीं वायरमनला बोलाविलें, आणि ह्या लेखांतील सर्वांत उपयोगाची गोष्ट आम्ही आतां सांगत आहों. आमचा वाडा जुना. भिंतींवर तीन भोकांचीं सॉकेटें लागलेलीं आहेत. परंतु वरच्या मोठ्या भोकामागें तारच नव्हती. वायरमननें दिव्याची चाचणी लावून दाखविली: दिवा लागलाच नाहीं. मराठवाड्यांतील किती घरांत ही स्थिति असेल हें ज्यानें त्यानें आपल्या भिंतीपाशीं जाऊन पाहावें. एसएमपीएसमध्यें विजेंतील खरखर गाळण्यासाठीं जे कपॅसिटर असतात ते थोडासा प्रवाह पत्र्याच्या अंगावर सोडतात; अर्थिंग असेल तर तो मुकाट्यानें जमिनींत जातो, नसेल तर कॅबिनेटाला हात लावणाऱ्याच्या बोटांत झिणझिण्या येतात. लोक म्हणतात संगणक "शॉक मारतो," आणि दुकानदाराशीं भांडतात. दोष दुकानाचा नसतो, घराचा असतो. परसांत आठ फूट खड्डा खणून पत्रा पुरला, भोंवतीं कोळसा आणि मीठ यांचे थर दिले, उन्हाळ्यांत पाणी ओतण्यासाठीं नळी ठेवली. ६,५०० रुपये लागले. हा खर्च तयार संगणकालाही चुकला नसता. फरक इतकाच कीं तयार घेतला असता तर त्याची आठवण कोणी करून दिली नसती.

पार्सलें एकेक करून आलीं. मदरबोर्डाचें पार्सल चार दिवस बेपत्ता होतें. हैद्राबादेंतही हिमायतनगर नांवाची वस्ती आहे, आणि एका कुरियरवाल्यानें आमच्या गांवापेक्षां तीच अधिक पसंत केली होती. जड ग्राफिक्स कार्ड बसवूनच तयार संगणक पाठविले कीं ट्रकाच्या हादऱ्यांनीं कार्डाची खांच कधींकधीं तडकते. सुटे भाग आपापल्या खोक्यांत सुखरूप येतात, हा एक लहानसा लाभ येथें नमूद करून ठेवतों.

ज्येष्ठांतल्या एका रविवारीं माजघरांत कामाला आरंभ झाला. मातोश्रींनीं प्रेमानें लोकरी आसन अंथरलें होतें. तें पुतण्यानें उचलून ठेवलें, कारण कोरड्या हवेंत लोकरीवर बसलें कीं अंगांत स्थिर वीज सांचते आणि बोटाच्या एका स्पर्शानें चिप निकामी होऊं शकते. लाकडी चौरंगावर मदरबोर्ड ठेवला. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील त्रिकोण खांचेच्या त्रिकोणाशीं जुळवून तो नुसता ठेवावयाचा, दाबावयाचा नाहीं. खालच्या केंसासारख्या टांचण्या वांकल्या कीं मदरबोर्ड गेला. मुलीनें तो श्वास रोखून ठेवला. रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खांचेंत; शेजारीं शेजारीं नव्हे. पुढच्या बटनाच्या चार नखाएवढ्या तारा कोठें लावावयाच्या ह्यांतच पाऊण तास गेला, आणि तेथें दादाच्या जाड बोटांपेक्षां तिचीं बोटें कामास आलीं. पंखे असे लावले कीं हवा आंत घेणारे दोन आणि बाहेर टाकणारा एक. आंत दाब अधिक राहिला तर धूळ फटींतून शिरत नाहीं, जाळीवर अडते. आणि कापसाच्या दिवसांत आमच्याकडे हवेंत काय तरंगतें तें निराळें सांगावयास नको.

सायंकाळीं सहाला बटन दाबलें. पंखे फिरले, दिवा लागला, पडदा काळाच. एक मिनिट गेलें, दोन गेलीं. पुतण्याचा चेहरा उतरला आणि तो सर्व उघडावयास निघाला. अण्णा, जे हात लावणार नव्हते, खुर्ची ओढून जवळ येऊन बसले होते. मुलगी मदरबोर्डाचें पुस्तक वाचीत होती, ती म्हणाली, "दादा, थांब. पहिल्यांदां रॅमची ओळख करून घ्यायला कांहीं मिनिटें लागतात, असें लिहिलंय." नव्या डीडीआर५ रॅमचा हा स्वभावच आहे, प्रथम चालू करतांना मदरबोर्ड तिच्याशीं वेगाचें माप बसवून पाहतो, आणि तोंवर पडद्यावर कांहीं दिसत नाहीं. सगळे हात बांधून बसले. पडदा उजळला तेव्हां अण्णा उठले आणि संध्येला गेले. उशीर झाला होता.

ऑगस्टांत पुतण्या नांदेडास गेला. भाद्रपदांत संगणक मध्येंच आपोआप बंद होऊन पुन्हां चालू होऊं लागला. मुलीनें त्याला दूरध्वनी केला आणि त्यानें सांगितलें तसें एक पट्टी काढून एक दिवस चालविला, मग दुसरी काढून पाहिली. दोष दुसऱ्या पट्टींत निघाला. ती पट्टी पेटींत घालून कंपनीच्या सेवाकेंद्राकडे रवाना केली. जाण्यायेण्यास आणि उत्तराला तीन आठवडे लागले, दोनदां कागद पुन्हां मागितले गेले, आणि ही दगदग हलकी नव्हती. मात्र त्या तीन आठवड्यांत संगणक उरलेल्या एका पट्टीवर चालत राहिला, आणि नवी पट्टी विनामूल्य आली तेव्हां बाजारांत तिचे भाव चढूं लागले होते. तयार असता तर सबंध पेटी एस. टी.च्या टपावर नांदेडास गेली असती.

इतकें असूनही ज्या घरीं म्हातारीं माणसें एकटीं आहेत, किंवा जेथें डॉक्टरीच्या, वकिलीच्या व्यापांत कोणास स्क्रू फिरविण्याची फुरसत नाहीं, किंवा मुलाला खेळावयाचें आहे पण आंत काय आहे ह्याची तिळमात्र जिज्ञासा नाहीं, त्यांनीं खुशाल तयार घ्यावा. फक्त एसएमपीएसचें नांव, मदरबोर्डाचें नांव आणि रॅमच्या पट्ट्यांची संख्या हीं पावतीवर लिहून घ्यावीं, आणि घरपोंच सेवा कोणत्या गांवापर्यंत पोंचते हें विचारावें. जो दुकानदार हें लिहून देतो त्याच्याकडे चार हजार अधिक गेले तरी द्यावे. विजेचें भय मात्र कोणी बाळगूं नये. आमचा संगणक भर खेळांत अडीचशे वॅटच्या घरांत असतो, म्हणजे चार तासांस एक युनिट. खेळाच्या तासांचा प्रश्न निराळा आहे, आणि तो तयार काय, जुळविलेला काय, दोन्हींत सारखाच सुटत नाहीं.

आमच्या शेजारच्या डॉक्टरांच्या मुलाला आतां तसाच संगणक हवा आहे. रॅमचा भाव ऐकून डॉक्टरसाहेब थोडे थांबले आहेत. पण मुलीला एकदां बोलावून घेऊन त्यांनीं जागा दाखविली. तिनें यादी केलीच नाहीं. भिंतीवरच्या सॉकेटापाशीं जाऊन वरच्या भोकामागें तार आहे कां, एवढेंच तिनें विचारलें. त्यांच्या परसांत सध्यां खड्डा खणणें चालूं आहे.